सोलापूरच्या जुन्या पेठेत पाच मजली इमारत बांधताय? या चुका टाळा

उत्तर कसब्यातली जागा होती. जुना वाडा पाडून झाला होता, नकाशा मंजूर झाला होता, चुन्याने कॉलमच्या खुणाही टाकून झाल्या होत्या. समोरच्या ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या अक्कांनी सहज विचारलं, "साहेब, आडाचं काय करलालाव?" कुठला आड? नकाशावर आड नव्हता आणि जागेवरही दिसत नव्हता. मालकाच्या आजोबांच्या वेळी तो राडारोड्याने बुजवलेला, आणि आमचा एक कोपऱ्यातला कॉलम बरोबर त्याच्या काठावर येत होता. अक्का तेव्हा बोलल्या नसत्या तर चार-पाच पावसाळ्यांनी तो कोपरा बसला असता आणि आम्ही सिमेंटला दोष देत राहिलो असतो. पुढे कॉलम सरकवला, आडाच्या दोन्ही बाजूंना पाया घेऊन वरून बीम टाकला. खर्च वाढला, मालक आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

जुळे सोलापूरला किंवा विजापूर रोडला मोकळ्या प्लॉटवर बांधणं आणि बाळीवेस, मधला मारुती, साखर पेठ, टिळक चौक या भागात बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत. पेठेतल्या बहुतेक चुका आपल्या इमारतीत नसतात. त्या जमिनीखाली असतात, नाहीतर शेजारच्या भिंतीत.

"शेजारी आठ फुटांवर मुरूम लागला, आपल्यालाही लागेल"

हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. आपल्याकडे काळी म्हणजे शेताची माती आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पेठेत पांढरीच असते. पिढ्यान्पिढ्यांची राख, पडलेल्या भिंतींची माती, खापऱ्या असा तो भुसभुशीत भराव असतो. त्याखाली कुठे काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पांढरीचा थर एका कोपऱ्यात चार फूट असेल तर दुसऱ्या कोपऱ्यात बारा फूटही निघतो. गल्लोगल्ली अपार्टमेंटचं पेव फुटलंय असं आपण म्हणतो. जुन्या घरात धान्य साठवायचं जमिनीतलं खरोखरचं पेव पायाखाली निघालं की मग त्या शब्दाचा अर्थ कळतो.

चारही कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे चाचणी खड्डे घ्या, माती परीक्षण करून घ्या, आणि गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाबरोबर अर्धा तास बसा. आड, पेव, जुना संडासाचा खड्डा, बंद केलेलं गटार या गोष्टी प्रॉपर्टी कार्डावर नसतात.

काळी माती लागली तर पाया तिच्यात थांबवू नका. ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या फुटिंगला, म्हणजे कॉलमखालच्या पायाला, वर-खाली करत राहते. पाया कठीण मुरमात किंवा पाषाणात बसलाच पाहिजे. खोदून काढलेली काळी माती प्लिंथच्या (जोत्याच्या) भरावात परत टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण ती गल्लीतून बाहेर न्यायचा ट्रॅक्टरचा खर्च वाचतो. दोन वर्षांनी पार्किंगची फरशी पापडासारखी उठते. भराव मुरमाचाच, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून धुमस करत, म्हणजे ठोकून बसवत.

शेजारची भिंत

पेठेतलं सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या वाड्याची भिंत दोन-अडीच फूट जाड असते आणि बघायला बुलंद वाटते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा, आणि मध्ये माती-कपचीचा भराव. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड पुरेसे नसले, तर भिंत पोटातून फुगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत बांधलेल्या अशाच दगडी भिंती आणि त्यांच्यावरची जड माळवदं, म्हणजे मातीची सपाट छतं, माणसांवर कोसळली. पेठेत तशाच भिंती अजून उभ्या आहेत आणि आपण त्यांच्याशेजारी जेसीबी लावतो.

पहिली चूक पाडण्यातच होते. दोन घरांची मधली भिंत सामाईक असते, दोन्हीकडच्या तुळया तिच्यातच बसवलेल्या असतात. जेसीबीने आपली तुळई ओढली की ती भिंतीचा पदर घेऊनच येते. तुळया भिंतीपासून हातभर अंतरावर कापा, उरलेला तुकडा आत राहू द्या, खोबणी नंतर हाताने भरा. सामाईक भिंतीपासून सहा-सात फुटांतलं पाडकाम माणसांकडूनच करून घ्या.

दुसरी चूक पावसाची. वाडा पडला की शेजाऱ्याची आतली भिंत एकदम बाहेरची होते. तिला ना गिलावा, ना माथ्यावर झाकण. पहिल्या जोराच्या सरीला पाणी वरून थेट पोटातल्या मातीत उतरतं. सोलापूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये होतो, आणि "गणपती झाले की फुटिंग घेऊ" म्हणून खड्डा उघडा ठेवणारे नेमके त्यातच सापडतात. पाडल्याच्या आठवड्यातच भिंतीच्या माथ्याला चुन्याचं कोपिंग करा आणि बाजूला चुन्याचा गिलावा. नुसता सिमेंटचा गिलावा लावलात तर आतली ओल आतच कोंडते.

तिसरी आणि सगळ्यांत महाग चूक म्हणजे हद्दीला लागून सलग चर खोदणं. शेजारच्या भिंतीचा पाया बहुधा तीन-चार फूटच खोल असतो. तुम्ही तिच्या बुडाशी आठ फूट उतरता. भिंत कशावर उभी राहणार? खोदाई टप्प्याटप्प्याने करा. एक खड्डा घ्या, दोन सोडा. घेतलेल्यात फुटिंग आणि प्लिंथपर्यंतचा कॉलम भरून, भोवती भराव करून, मगच पुढचा. भिंतीला तिरके टेकू द्या. हद्दीवरच्या कॉलमचं फुटिंग शेजाऱ्याच्या जागेत शिरू शकत नाही, म्हणून ते एकांगी होतं आणि कलंडायला बघतं. त्याला आतल्या फुटिंगशी बांधणारा स्ट्रॅप बीम लागतो. नकाशात तो नसेल तर आरसीसी कन्सल्टंटला विचारा, लाजू नका.

कुदळ मारण्याआधी शेजारच्या घरातल्या प्रत्येक खोलीचे फोटो तारखेसह काढा. आहेत त्या भेगा लिहून काढा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. हे न केल्यामुळे माझ्या एका कामात वीस वर्षांची जुनी भेग आमच्या नावावर लागली आणि अख्खं स्वयंपाकघर नवं करून द्यावं लागलं.

दोन इमारतींमधली फट

नवी भिंत जुन्याला चिकटवून उभी करतात, मध्ये दोन इंच कुठे राहते, कुठे राहत नाही. त्या फटीत पाऊस शिरतो, मग दोघांच्याही घरात ओल येते आणि दोघंही एकमेकांना बोल लावतात. फट सिमेंटने बुजवली तर दोन्ही इमारती वेगवेगळ्या हलत असल्याने ती पुन्हा फुटते. वर पत्र्याचं झाकण बसवा आणि ते एकाच बाजूच्या भिंतीत पक्कं करा, दुसरी बाजू मोकळी सोडा.

शेजारची इमारतही आरसीसीची असेल तर फट किती ठेवायची ते भूकंपाच्या हिशोबाने काढावं लागतं. दोघांच्या स्लॅबची पातळी जुळत नसेल तर जास्तच, कारण हादऱ्यात एकाचा स्लॅब दुसऱ्याच्या कॉलमच्या मधोमध आपटतो.

खाली नुसते खांब

आयएस 1893 या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या भूकंप विभागात आहे आणि किल्लारी इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. तरीही खाली पार्किंगचे उघडे खांब आणि वर भिंतींनी गच्च भरलेले मजले, हाच आपला ठरलेला नमुना. 26 जानेवारी 2001 ला भुजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत असेच खांब मोडून वरचे मजले खाली बसले. जिन्याभोवती, लिफ्टभोवती आणि हद्दीच्या बाजूने तळमजल्यापासूनच काँक्रीटच्या भिंती घ्या. कॉलममधल्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांचं अंतर बीमजवळ कमी लागतं आणि रिंगेचा आकडा आतल्या बाजूला पूर्ण वळवलेला हवा. कॉलम भरायच्या आधी हे स्वतः बघा. सेंटरिंगवाल्याला विचारलंत तर तो "झालंय की साहेब" म्हणेल.

मेमधला स्लॅब

सोलापूरच्या मेमध्ये पारा चव्वेचाळीसपर्यंतही जातो. गल्लीत रेडीमिक्सची गाडी शिरत नाही, जागेवरच मिक्सर लावावा लागतो, आणि माल स्लॅबवर पोचेपर्यंत अर्धा आटतो. मग मुकादम पाणी ओततो. वाढवलेलं ते पाणी म्हणजे घटवलेली ताकद. स्लॅब संध्याकाळी सुरू करा, खडी सावलीत ठेवून भिजवा, सळई आणि प्लायवर पाणी मारून घ्या.

पाणी मारायचं किती दिवस? आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस, आणि पीपीसीसारखं मिश्र सिमेंट असेल तर चौदा. आपल्याकडे बहुतेक पीपीसीच येतं. टँकर परवडत नाही म्हणून पाचव्या दिवशी थांबणारे मी रोज बघतो. गोणपाट अंथरून ते ओलं ठेवलं तर पाणी निम्म्यावर येतं.

टाकी आणि डक्ट

नळाला रोज पाणी नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. तरी टाकी रोज पाणी येतं असं धरूनच काढलेली असते. बारा सदनिका, घरटी पाच माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे दिवसाला 8,100 लिटर. चार दिवसांचं 32,400. म्हणजे साधारण चार मीटर बाय चार मीटर, दोन मीटर खोल टाकी. ती ड्रेनेजच्या चेंबरजवळ, त्याहून खाली येत असेल तर आत्ताच हलवा. गल्लीतली जुनी मलवाहिनी गळत असतेच.

वाड्याला चौक होता. त्यातून उजेड यायचा, गरम हवा वर जायची, पापडही तिथेच वाळायचे. त्याच्या जागी आपण तीन फूट बाय तीन फुटांचा डक्ट देतो. वर्षभरात त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पारव्यांची घरटी. दोन सदनिका कमी करून मधोमध बऱ्यापैकी चौक ठेवलेली एक इमारत शुक्रवार पेठेत बघितली, एप्रिलच्या दुपारीही जिन्यात बसवत होतं. बिल्डरला हे पटवणं मला आजवर एकदाच जमलंय.

रस्त्याची बाजू

पश्चिमेला काच आणि ॲल्युमिनियमचे पत्रे लावून इमारत 'मॉडर्न' करण्याची हौस सोलापूरच्या उन्हात एकाच मोसमात फिटते. खोल छज्जे, जाळ्या, खालच्या मजल्याला काळ्या दगडाचं जोतं हे स्वस्त पडतं आणि गल्लीत शोभतंही. शेजारी दुमजली घरं असतील तर वरचे दोन मजले थोडे आत घ्या. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांच्या अंथरुणात तुमची बाल्कनी डोकावणार नाही. तळमजल्याला अखंड शटर लावण्यापेक्षा दर्शनी बाजूला एखादा गाळा, एखादा ओटा ठेवा.

एक गोष्ट खास इथलीच. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज ज्या रस्त्यांनी जातात, तिथे दोन मजल्यांइतक्या उंच काठ्या माणसं तोल सांभाळत नेतात. त्या मार्गावर बाहेर काढलेला छज्जा, एसीचा सांगाडा, होर्डिंग दर जानेवारीत भांडणाचं कारण होतं. नकाशा काढतानाच मार्ग बघून घ्या. शहरभर सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली 68 लिंगं आहेत, त्यांतलं एखादं तुमच्या हद्दीला लागूनही असू शकतं. तिथली वाट अडवली तर परवाना असूनही काम चालणार नाही.

कागद

थोडक्यात. मोजणी करून हद्द कायम करून घ्या, कारण जुन्या भिंती सरळ नसतात. विकास आराखड्यात रस्तारुंदी आहे का ते आधी बघा, नाहीतर दर्शनी गाळेच रस्त्यात जातील. भुईकोट किल्ला संरक्षित स्मारक आहे. स्मारकांच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या 200 मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेत 15 मीटरपासून उंच इमारत धरतात, म्हणून उंची त्याच्या आसपास असेल तर अग्निशमनाचा विचार कागदावर उंची 14.9 दाखवून संपवू नका. गल्लीत बंब शिरतो का ते चालत जाऊन बघा. होटगी रोडच्या विमानतळामुळे उंचीची अट लागते का, हेही तपासून घ्या.

भेग पडलीच तर

कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर उभी, सरळ भेग असेल तर बहुधा गिलाव्याखाली जाळी मारलेली नाही, दुरुस्ती सोपी. वरच्या मजल्यावर स्लॅबखालून आडवी भेग उन्हाने होते. गच्चीवर पांढरी फरशी किंवा चुना लावून ती वाढायची थांबते. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यांसारखी तिरकी उतरणारी भेग मात्र बहुधा पाया बसल्याची असते.

तशी भेग दिसली, तुमच्याकडे किंवा शेजाऱ्याकडे, तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लॅस्टरने दोन्ही टोकांना चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. पट्टी महिनाभर शाबूत राहिली तर भरून घ्या. तडकली तर शेजारची खोदाई त्याच दिवशी थांबवा, खड्डा मुरमाने भरा आणि आरसीसी कन्सल्टंटला जागेवर बोलवा. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवरून तो "चालतंय" म्हणाला, तरी बोलवाच.