हॅशमॅपला आधीच जागा देताय? या चुका टाळा

दहा लाख नोंदी भरायच्या आहेत हे आधीच ठाऊक, म्हणून जावात हॅशमॅप (की आणि तिची किंमत अशा जोड्या साठवणारी रचना) बनवतानाच कंसात 1000000 लिहिलं. दिसायला अगदी बरोबर, आणि कोड तपासताना मला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. कंसातला आकडा नोंदींचा नसतो, बकेट्सचा, म्हणजे नोंदी ज्यांत वाटल्या जातात त्या कप्प्यांचा असतो. जावा तो दोनाच्या पुढच्या घातापर्यंत, म्हणजे 1048576 पर्यंत नेते. लोड फॅक्टर, म्हणजे टेबल (बकेट्सचा अ‍ॅरे) किती भरलं की वाढवायचं ते प्रमाण, 0.75. म्हणजे 786432 नोंदी बसतात आणि त्यानंतरची पहिलीच नोंद आली की टेबल दुप्पट होतं. तोवरच्या सगळ्या नोंदी नव्या अ‍ॅरेत हलवाव्या लागतात, आणि तेवढा वेळ जुना-नवा दोन्ही अ‍ॅरे मेमरीत. 16 पासून वाढत गेलो असतो तरी सर्वांत महाग फेरी हीच असती, म्हणजे टाळायची होती नेमकी तीच पदरात पडली.

जावा 19 पासून हॅशमॅप.न्यूहॅशमॅप(1000000) असं लिहा, तिथे आकडा खरोखरच नोंदींचा असतो. जुनी आवृत्ती असेल तर नोंदींना 0.75 ने भागून येणारा आकडा द्या: 1333334.

सी++ मध्ये गोंधळ रिझर्व्ह आणि रीहॅश यांचा. अनऑर्डर्ड मॅपला (सी++चा हॅशमॅप) नोंदी सांगायच्या तर रिझर्व्ह, बकेट्स सांगायच्या तर रीहॅश. मॅक्स लोड फॅक्टर बदलायचा असेल तर रिझर्व्हच्या आधी बदला. आणि लूपमध्ये दर वेळी शंभर-शंभर वाढवून रिझर्व्ह करू नका. टेबलाची आपोआप पटीने होणारी वाढ त्याने मोडू शकते आणि रीहॅश, म्हणजे नोंदी नव्या टेबलात पुन्हा वाटण्याच्या फेऱ्या, उलट वाढतात.

जास्त जागा देणंही फुकट नाही. एका कामात दर विनंतीला 65536 कपॅसिटीचा मॅप बनत होता, आत नोंदी जेमतेम दहा-पंधरा. चार बाइटचा एक संदर्भ धरला तरी नुसता अ‍ॅरे 256 केबी. वर अशा मॅपवरून फिरताना रिकाम्या बकेट्सही तपासाव्या लागतात. क्लिअर केल्यानेही जावात टेबल लहान होत नाही.

खात्री कशी करायची? सी++ मध्ये भरण्याआधी आणि नंतर बकेट_काउंट छापा. आकडा तोच राहिला तर मध्ये रीहॅश झालं नाही. जावात प्रोफायलरमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) रीसाइझ, म्हणजे टेबल वाढवणारं काम, शोधा. ते दिसतच नसेल आणि प्रोग्राम तरीही रेंगाळत असेल, तर आकड्यांशी खेळणं थांबवा आणि आधी हॅशकोड (कीची बकेट ज्यावरून ठरते तो आकडा) पाहा: बऱ्याच कीज एकाच बकेटमध्ये जात असतील.