दोन घरचा पाहुणा उपाशी: मित्रासोबत ऑटोक्रॉसची जुनी गाडी घेताय? या चुका टाळा

मोकळं मैदान, लाल कोन लावून आखलेला रस्ता, एका वेळी एकच गाडी आणि स्पर्धा घड्याळाशी. ऑटोक्रॉसमध्ये गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते. मग दोघांत एक घ्यायला काय हरकत आहे? काहीच नाही. मारुती एस्टीम तर यासाठीच बनवल्यासारखी: 1.3 लिटरचं इंजिन, हलकी बॉडी, आणि इंदूरचा कुठलाही जुना मिस्त्री ती डोळे मिटून उघडतो. पण दोघांची गाडी म्हणजे दोन घरचा पाहुणा. ऑइल त्याने बघितलं असेल असं याला वाटतं, याने बघितलं असेल असं त्याला.

"जो चालवत होता, तो भरेल"

ऐकायला न्याय्य वाटणारा हा नियम सगळ्यात जास्त मैत्र्या बिघडवतो. गाडी झिजते दोघांच्या चालवण्याने, बंद पडते मात्र एकाच्याच हातात. क्लच घ्या. एक जण प्रत्येक रनला, म्हणजे ट्रॅकवरच्या फेरीला, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) चढवून धाडकन सोडतो, दुसरा वळणात अर्धा दाबून ठेवतो. मग एका दुपारी इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. त्या वेळी सीटवर कोण होतं याला काही अर्थ नसतो.

माझ्या मते विभागणी अशी हवी: घासून, झिजून, वय होऊन गेलेलं ते निम्मं-निम्मं, आदळून, ठोकून मोडलेलं ते चालवणाऱ्याचं. टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, रेडिएटरचे पाइप पहिल्या खात्यात. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म वाकला, बंपर फुटला, ते दुसऱ्या. वादाची जागा मधली. चौथा गिअर टाकताना चुकून दुसरा पडला, आरपीएम लाल रेषेच्या पार गेलं आणि व्हॉल्व्ह वाकले, तर ती झीज नव्हे. पण व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा टायमिंग बेल्ट तुटला तर? गाडी घेतल्यावर दोघांनी मिळून बदलला नसेल, तर खर्चही दोघांचा. जुन्या गाडीचा बेल्ट कधी बदलला होता हे विकणारा छातीठोकपणे सांगतो. आपण तरी नवाच घालावा.

"अरे भिया, पैशाचं नंतर बघू" हे वाक्य मित्राच्या तोंडून आलं की गाडी बघायला जाणं एक आठवडा पुढे ढकला. आधी बसून हे ठरवा, मग बयाणा द्या.

दुसऱ्याच्या रनलाच गाडी का रुसते?

एकाच गाडीवर दोघे उतरले की दोन रनमध्ये मिळणारी विश्रांती संपते. तक्रार मग ठरलेली: "तू नेलीस तेव्हा बरी होती." गाडीने पक्षपात केलेला नसतो, ती तापलेली असते.

तापमानाचा काटा फक्त दुसऱ्या ड्रायव्हरच्या वेळी चढत असेल तर आधी रेडिएटरचा पंखा बघा. रांगेत उभ्या गाडीला वारा लागत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. तो फिरत नसेल तर फ्यूज, रिले, सेन्सर या क्रमाने शोधा. रेडिएटरची जाळीही बघा; माळव्याची काळी माती ओली असताना चिकटते आणि सुकली की विटेसारखी बसते. एअर फिल्टर कोरड्या मैदानावर दर वेळी काढून झटका.

ब्रेकचं पेडल स्पंजासारखं लागतंय? ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट 3 प्रकारचं ताजं असताना साधारण 205 अंशांना उकळतं, ओल धरलेलं 140 च्या आसपास. त्यामुळे हंगामाआधी ते पूर्ण बदला, नुसतं वरून भरू नका. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका. गिअरमध्ये टाका, चाकामागे वीट लावा.

लांब वळणात इंजिन अडखळत असेल तर बहुधा टाकीत पेट्रोल कमी आहे आणि ते एका बाजूला सरकतंय. वजन वाचवायला काटा तळाशी ठेवणाऱ्यांना हा त्रास हमखास. त्याच वळणात ऑइलचा दिवा लुकलुकला तर मात्र रन तिथेच सोडा. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत हवं.

डांबरी ट्रॅकवर टायर तापले की हवाही दोन-चार पीएसआयने वाढते. गेज दुसऱ्याच्या हातात द्या, त्याचं त्याने बघू दे. सीटचंही तसंच: उंची वेगळी असेल तर रेल नीट सरकते ना ते बघा. पाठीमागे उशी कोंबून चालवणं धोक्याचं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम 41 प्रमाणे गाडी अनेकांच्या मालकीची असली तरी नोंदणीचा अर्ज एकानेच करायचा, आणि कायद्याच्या दृष्टीने मालक तोच. म्हणजे चलन आलं तरी त्याच्या नावे. दुसऱ्याचे निम्मे पैसे फक्त तुमच्या आपसातल्या लेखी करारात दिसतील, म्हणून तो करा. एस्टीम 2007 मध्ये बंद झाली. त्यामुळे आज मिळणारी प्रत्येक एस्टीम पंधरा वर्षांपलीकडची. नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण झालंय ना, हे भाव ठरवण्याआधी बघा.

विमा रस्त्यासाठी हवाच, पण मैदानावर त्याच्या भरवशावर राहू नका. नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगचाचणी वगळलेल्या असतात. लायसन्स आणि हेल्मेट प्रत्येकाचं स्वतःचं. एकाच गाडीवर दोन ड्रायव्हर चालतील का, हे त्या स्पर्धेच्या नियमांत वाचा आणि मगच प्रवेश फी भरा.

सराव कुठे?

रात्री इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर तर नक्कीच नाही. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम 189 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही; पुन्हा सापडलात तर वर्षापर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. पीथमपूरजवळच्या नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक जवळ आहे म्हणून हुरळूनही जाऊ नका. ते वाहनचाचणीचं केंद्र आहे, गेटवर जाऊन तिकीट काढायची जागा नव्हे.

एकाची बदली पुण्याला झाली तर

हे कुणीच ठरवून ठेवत नाही. राहणाऱ्याला पहिला हक्क, आणि किंमत खरेदीच्या रकमेवर न काढता त्या दिवशी बाजारात मिळेल त्यावर. रेस सीट, चांगले टायर असं कुणी स्वतःच्या पैशाने घातलं असेल तर ते काढून न्यायची मुभा, पण मूळ सीट परत बसवून. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) जाणाऱ्याच्या नावावर असेल तर मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या तो सामान बांधण्याआधी घ्या.