माशाच्या कल्ल्यांतले परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली कसे ओळखावेत

शेततळ्यातले रोहू-कटला कडेला अंग घासू लागले, सुस्तावले, की बहुतेक जण दुकानातून औषध आणून तळ्यात ओततात. आधी बघा, मग औषध आणा. कल्ल्यांत राहणारे जीव इतक्या वेगवेगळ्या कुळांतले असतात की एकावरचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. मासे फक्त पहाटे वर येऊन तोंड मारत असतील आणि ऊन चढल्यावर पुन्हा खाली जात असतील, तर मात्र आधी पाण्यातला प्राणवायू तपासा.

कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. मासा मात्र आजारी आणि जिवंतच हवा. मासा मेला की अंगावरचे बरेच एकपेशी जीव थोड्याच वेळात मरतात किंवा सोडून जातात, म्हणून बर्फातल्या माशावर मेहनत वाया जाते. तळ्याच्याच पाण्यात, बादलीतून आणा.

आधी त्वचा. काचपट्टीवर तळ्याच्या पाण्याचा एक थेंब घ्या. नळाचे पाणी नको, त्यातल्या क्लोरीनने हे जीव मरतात. दुसऱ्या काचेच्या कडेने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर डोक्याकडून शेपटीकडे हलकेच खरवडून थेंबात मिसळा. वरची पातळ काच तिरकी टेकवून सावकाश खाली सोडा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. काळ्या जाड कडेचे, अगदी गोल आणि न हलणारे जे दिसते तो हवेचा बुडबुडाच.

कल्ल्यांसाठी मासा मारावा लागतो. थोड्या पाण्यात लवंगेचे तेल घुसळून त्यात मासा पूर्ण निपचित होऊ द्या, मग डोक्यामागे मणका कापा. हा मासा खाऊ नका. कल्ल्यावरचे झाकण कापून कल्ल्याची एक कमान काढा, तिच्या लाल तंतूंची टोके थेंबात ठेवून सुईने मोकळी करा. आधी 4 किंवा 10 पटीचे भिंग लावा आणि काचपट्टीखालची, प्रकाश कमी-जास्त करणारी झडप बरीच मिटवा. प्रकाश जास्त असला तर पारदर्शक जीव दिसतच नाहीत.

भिंगरीसारखा गरगर फिरणारा आणि आत दातेरी कडे असलेला तो ट्रायकोडिना. मोठा, संथ लोळणारा, आत घोड्याच्या नालेच्या आकाराचे केंद्रक दिसणारा तो पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा इक. कृमीसारखा लांबट जीव आखडत-पसरत असेल तर त्याचे डोके बघा. चार काळे ठिपके असतील तर डॅक्टिलोगायरस, तो अंडी घालतो. ठिपके नसतील आणि पोटात आकड्यांसकट पिल्लू दिसत असेल तर गायरोडॅक्टिलस. त्या पिल्लाच्या पोटातही पुढचे पिल्लू वाढत असते. हे एकदा नीट बघाच.

तंतूंवर पांढऱ्या गाठी असतील तर एक गाठ फोडा आणि 40 पटीच्या भिंगाखाली ठेवा. सुमारे 10 मायक्रॉनचे, टोकाला दोन पिशव्या असलेले बीजाणू दिसले तर तो मिक्सोबोलस, म्हणजे जेलीफिशचा दूरचा नातलग. थेलोहॅनेलसला पिशवी एकच असते. याच गटातल्या एका जातीचे अर्धे आयुष्य चिखलातल्या ट्युबिफेक्स या गांडुळाच्या जातकुळीतल्या बारीक कृमीत जाते, हे 1984 साली सिद्ध झाले. गाठींवर खात्रीचे औषध नाही. गर्दी कमी करा, तळे रिकामे झाले की तळ उन्हात वाळवून चुना टाका.

ट्रायकोडिना आणि कृमींवर मिठाच्या पाण्याची छोटी आंघोळ सहसा उपयोगी पडते. मासा कलंडला की लगेच काढा. डॅक्टिलोगायरसची अंडी आणि त्वचेखाली दडलेला इक पहिल्या उपचाराला दाद देत नाहीत. म्हणून काही दिवसांनी, तळ्याच्या वेगळ्या कोपऱ्यातले तीन-चार मासे धरून पुन्हा काचपट्टी करा. जाळे आणि बादली मधल्या काळात धुऊन कडक उन्हात वाळवा.