ट्रक धडकून वाकलेला पुलाचा पोलादी गर्डर (मुख्य आडवी तुळई) सरळ करताना
आधी गर्डरवरची लेन बंद करा, मग खाली टेकू द्या. वाकलेल्या भागाचा रंग खरवडून डाय-पेनिट्रंटने (तड्यात झिरपून तो दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) तडे तपासा. तडा घासून काढल्याशिवाय उष्णता देऊ नका, नाहीतर सरळ करताना तो पुढे धावतो.

टॉर्चने ‘व्ही’ आकाराचा पट्टा टोकापासून रुंद बाजूकडे नागमोडी तापवत न्या. रुंद बाजू फुगवट्याकडे हवी. साध्या कार्बन स्टीलला मर्यादा 650 अंश सेल्सियस. ते तापमान-खडूने (ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने) मोजा; लालीवरून केलेला अंदाज उन्हात हमखास चुकतो. जॅकचा दाब बेताचाच, कारण खरं काम थंड होतानाच्या आकुंचनाचं असतं. जोर वाढवला की फ्लँज (गर्डरची वरची-खालची आडवी पट्टी) फाटू शकतो. तापलेल्या पोलादावर पाणी ओतू नका, ते ठिसूळ होतं. पुढचा फेरा 120 अंशांखाली उतरल्यावरच.