क्लाउड स्टोरेजची जोडणी जुन्या टीएलएसवरून हलवताना या चुका टाळा

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या संकेतस्थळावरून अग्रशाळेतील खोल्यांचे आरक्षण होते आणि अभिषेकाच्या पावत्याही दिल्या जातात. पावतीची पीडीएफ तयार झाली की ती क्लाउड स्टोरेजमध्ये जाते आणि भाविकाला तिचा दुवा मिळतो. एके सकाळी आरक्षण होत होते, पैसेही जमा होत होते, परंतु पावत्या कधी मिळत आणि कधी मिळत नसत. देवस्थानाच्या कार्यालयातून फोन आला तेव्हा पहिलेच वाक्य असे होते की ब्राउझरमध्ये कुलपाचे चिन्ह दिसते आहे, तेव्हा सुरक्षेची काही भानगड नसावी.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो याच समजुतीपायी. ते कुलूप भाविकाचा ब्राउझर आणि आपला सर्व्हर यांच्यातील जोडणीचे असते. सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतची जोडणी निराळी असून तिच्यात आपला सर्व्हर स्वतःच ग्राहकाच्या भूमिकेत असतो. त्यामुळे वेबसर्व्हरवर टीएलएस या जोडणी कूटबद्ध करणाऱ्या प्रोटोकॉलची १.३ ही आवृत्ती सुरू केली तरी त्या दुसऱ्या जोडणीत काडीचाही फरक पडत नाही.

टीएलएस १.० हे १९९९ मधले आणि १.१ हे २००६ मधले. मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजाने दोन्ही अधिकृतरीत्या बाद ठरवली. ॲमेझॉनने २०२२ मध्ये घोषणा करून आपल्या सेवांसाठी किमान १.२ ची अट टप्प्याटप्प्याने लागू केली, तर मायक्रोसॉफ्टने अझूर या आपल्या क्लाउडमधील स्टोरेजसाठीची मुदत वाढवत वाढवत अखेर ३ फेब्रुवारी २०२६ वर आणली.

देवस्थानाच्या संकेतस्थळाचा दोष शोधताना आम्हांला एक विचित्र गोष्ट आढळली. ॲप्लिकेशन बंद करून पुन्हा सुरू केले की पहिल्या काही पावत्या व्यवस्थित जात आणि मग एकाएकी हँडशेक, म्हणजे जोडणी सुरू होतानाची बोलणी, तुटू लागे. आम्ही आधी नेटवर्कला दोष दिला, मग स्टोरेजच्या परवानग्या तपासल्या. दोष निघाला एसएमएस पाठवणाऱ्या भागात. ॲप्लिकेशन मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये लिहिलेले होते आणि त्या भागात सर्व्हिसपॉइंटमॅनेजर या जोडण्या हाताळणाऱ्या घटकाचा सुरक्षा-प्रोटोकॉल ‘टीएलएस’ असा ठरवून दिलेला होता. डॉटनेटमध्ये या नुसत्या ‘टीएलएस’चा अर्थ केवळ १.० असा होतो, आणि ही मांडणी एका भागापुरती न राहता संपूर्ण ॲप्लिकेशनला लागू होते. म्हणजे पहिला एसएमएस गेला की त्यानंतरची स्टोरेजची प्रत्येक नवी जोडणी १.० वर उतरत असे. ती ओळ लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये पूडल हा हल्ला उघड झाल्यावर टीएलएसचा पूर्वज असलेले एसएसएल ३.० बंद करण्यासाठी अशा ओळी घाईघाईने लिहिल्या गेल्या आणि त्या वेळी त्या योग्यच होत्या. तथापि आज त्या ओळीत १.० च्या जागी १.२ लिहून समाधान मानणे ही त्याच चुकीची पुनरावृत्ती ठरते, कारण मग १.३ ची वाट अडते. ती ओळ काढून टाकावी आणि निवड कार्यप्रणालीवर सोपवावी. त्यासाठी ॲप्लिकेशन डॉटनेट फ्रेमवर्क ४.७ किंवा त्यापुढील आवृत्तीला लक्ष्य करून बांधलेले असावे लागते. सर्व्हरवर नुसती नवी आवृत्ती बसवली, पण वेब-कॉन्फिग फाइलमध्ये लक्ष्य ४.५ च राहिले, तर जुनेच वर्तन कायम राहते.

इतर भाषांमध्येही ‘अद्ययावत केले आहे’ हे विधान असेच फसवे असते. जावा ७ ला टीएलएस १.२ येते, परंतु ग्राहकाच्या बाजूने ते मुळात बंद असते. जावा ८ पासून ते आपोआप चालू मिळते. ओपनएसएसएल या टीएलएस पुरवणाऱ्या लायब्ररीत टीएलएस १.२ आले ते तिच्या १.०.१ या आवृत्तीत, म्हणजे मार्च २०१२ मध्ये. लिनक्सवर लायब्ररी नवी केली तरी महिनोन्‌महिने चालू असलेली प्रक्रिया जुनीच प्रत स्मृतीत धरून बसते, आणि पायथॉन स्वतंत्रपणे संकलित केलेला असेल तर तो कोणत्या ओपनएसएसएलशी जोडलेला आहे हे त्यालाच विचारावे लागते. म्हणून आवृत्ती पाहायची ती चालू प्रक्रियेच्या आतून.

यापुढची चूक मात्र अक्षम्य आहे. त्रुटी आली की समोरच्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. फाइल जाऊ लागते आणि विषय संपतो. वस्तुतः त्रुटीतील शब्द नीट वाचले असते, तर तो प्रश्न टीएलएसच्या आवृत्तीचा नव्हताच हे कळले असते. एस३ या ॲमेझॉनच्या स्टोरेजमधील बकेटच्या, म्हणजे फाइलींच्या कप्प्याच्या, नावात टिंब असेल तर ॲमेझॉनचे तारांकित (वाइल्डकार्ड) प्रमाणपत्र त्या नावाशी जुळत नाही. जुन्या सर्व्हरवर मूळ (रूट) प्रमाणपत्रांचा, म्हणजे ज्यांवर विश्वास ठेवायचा त्यांचा, संच शिळा असेल तर डिजिसर्ट ग्लोबल रूट जी२ हे मूळ प्रमाणपत्र त्याला अनोळखी वाटते. ज्या बाल्टिमोर सायबरट्रस्ट रूटवर तो विसंबून होता, त्याची मुदत मे २०२५ मध्ये संपली. तिसरे कारण आपल्याकडे पावसाळ्यात हमखास भेटते. वीज जाऊन येऊन बेजार झालेल्या जुन्या संगणकाची मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असते, घड्याळ काही वर्षे मागे जाते आणि त्या घड्याळाच्या दृष्टीने स्टोरेजचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते. घड्याळ पंधरा मिनिटांहून अधिक चुकले तरी एस३ सही केलेली विनंती नाकारते, परंतु ती नकाराची त्रुटी वेगळी असते. जोडणीच्या मजकुरात ‘एचटीटीपीएस’ऐवजी ‘एचटीटीपी’ राहून गेले असल्यास टीएलएसचा प्रश्नच उरत नाही, कारण तेथे कूटबद्धीकरणच नसते. तेवढे एकदा पाहून घ्यावे.

चाचणीतही एक खोच आहे. सर्व्हर १.१ नाकारतो की नाही हे आपल्या लॅपटॉपवरून तपासताना जोडणी तुटली म्हणून आपण खूश होतो, परंतु ओपनएसएसएल ३ मूळच्या मांडणीत स्वतःच १.१ ला नकार देते. त्याचा सुरक्षा-स्तर शून्यावर आणल्याशिवाय त्या चाचणीवरून समोरच्या बाजूविषयी काहीच सिद्ध होत नाही.

अझूरच्या खात्यात किमान आवृत्तीची मर्यादा वाढवण्याआधी, किंवा गूगल क्लाउडमध्ये संस्थात्मक धोरण लावण्याआधी, कोण कोणत्या आवृत्तीने येते ते लॉगमधून, म्हणजे नोंदींमधून, काढावे. अझूर स्टोरेजच्या निदान-लॉगमध्ये टीएलएस आवृत्तीचा रकाना असतो, एस३ च्या प्रवेश-लॉगमध्येही असतो. ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेल या नोंदणी-सेवेतही ती माहिती मिळते, पण बकेटमधील फाइलींच्या वाचन-लेखनाच्या नोंदी तेथे मुद्दाम चालू कराव्या लागतात. त्या चालू नसताना ‘जुना ग्राहक एकही नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे डोळे मिटून रस्ता मोकळा असल्याचे सांगणे. शिवाय आठवड्याचा लॉग पुरत नाही. आमच्या देवस्थानात देणगीदारांच्या वार्षिक याद्या जत्रेच्या आधी एकदाच तयार होतात, आणि ते काम वर्षातून एकदा जागे होणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅमकडे आहे. असे प्रोग्रॅम लॉगमध्ये सापडत नाहीत. नियोजित कामांची यादी उघडून ते एकेक हाताने चालवून पाहावे लागतात.

त्या यादीबरोबर कार्यालयातील यंत्रेही मोजावीत. देवस्थानातला स्कॅनर कागद थेट स्टोरेजला पाठवत असे आणि त्याला १.० पलीकडचे काही येत नव्हते. उत्पादकाने त्याचे नवे फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) देणे केव्हाच थांबवलेले. त्याच्यासाठी स्टोरेजची मर्यादा खाली ठेवण्याची सूचना आली होती, ती आम्ही मानली नाही. आता तो स्कॅनर कार्यालयातीलच एका संगणकाच्या सामायिक फोल्डरमध्ये कागद टाकतो आणि तेथून पुढे तो संगणक ते १.३ ने वर चढवतो.