सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलताना

पुण्यात जांभळ्या मार्गावरून (पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट) निळसर मार्गावर (वनाज ते रामवाडी) जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी लागते. लोक अजून सिव्हिल कोर्टच म्हणतात. जांभळी मेट्रो जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर थांबते, दुसरी चक्क रस्त्याच्या वर धावते. म्हणजे पाताळातून थेट गच्चीवर! सरकते जिने आहेत, तरी सात-आठ मिनिटं हाताशी ठेवाच. रेल्वेगाडी पकडायची असेल तर आणखी थोडी.

तिकीट सुरुवातीलाच शेवटच्या स्थानकापर्यंतचं काढा आणि मध्ये बाहेर पडायच्या गेटला कार्ड किंवा क्यूआर दाखवू नका. घाईत गर्दीमागून गेलात की प्रवास तिथेच संपतो आणि नवं तिकीट काढावं लागतं. मी हे एकदा करून बसलोय.

वर चढण्याआधी दिशा पक्की करा: पुणे रेल्वे स्टेशनसाठी रामवाडीची गाडी, डेक्कन-नळ स्टॉपसाठी वनाजची. सोबत आजी-आजोबा किंवा जड बॅगा असतील तर गाडीतून उतरल्यावर सरळ लिफ्टचा फलक शोधा.