देवबागला कयाकमधून डॉल्फिन पाहायला जाताय? या चुका टाळा

मालवणजवळच्या देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या संगमावर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, उलटली की दोष लाटेला दिला जातो. खरी चूक आदल्या रात्रीची असते. निघायची वेळ नाश्त्यावरून ठरते, भरती-ओहोटीवरून नाही.

ओहोटीचं पाणी कर्ली नदीतून जोरात बाहेर पडतं आणि समोरून येणाऱ्या लाटेला भिडतं. मुखाशी वाळू साचून पाणी उथळ झालेलं असतं, त्यामुळे लाट तिथेच उभी राहून फुटते. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि त्यातल्या तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी उतरतं. त्या दोन तासांत मुख ओलांडूच नका. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नवख्यांनी खाडीतच फिरावं. अंदाजाला जुना हिशोब आजही चालतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. नेमकी वेळ मात्र भरतीच्या तक्त्यातच पाहा.

हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो. तो पाठीशी असल्याने जाताना हात दुखत नाहीत आणि माणूस नकळत लांब जातो. जायला वीस मिनिटं लागली तर परतायला चाळीस धरा. दुपारचा खारा वारा लाटा उठवायच्या आत, म्हणजे अकरापर्यंत, किनारा गाठा.

कयाक जड झाली, वळताना डुगडुगायला लागली, तर मागचा ड्रेन प्लग, म्हणजे आत साचलेलं पाणी काढायच्या भोकाचं बूच, सैल आहे का ते आधी तपासा. बैठकीजवळच्या आरपार भोकांतून थोडं पाणी वर येतं, ती गळती नव्हे. किनाऱ्याला लागताना कयाक लाटेला आडवी होऊ देऊ नका. उतरल्यावर कयाक आणि किनारा यांच्यामध्ये उभं राहू नका. पाणी भरलेली कयाक पुढच्या लाटेसरशी थेट गुडघ्यावर येते.

आता डॉल्फिन. इथे किनाऱ्यालगत दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला हम्पबॅक डॉल्फिन. वर येताना आधी लांब तोंड दिसतं, मग उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे तो दिसला की त्याच्याकडे वल्हवत सुटणं. कयाकला इंजिनाचा आवाज नसतो. त्यामुळे ती एकदम जवळ आली की जनावर दचकतं. किमान पन्नास मीटर अंतर ठेवा, त्यांच्या वाटेला समांतर राहा, वल्हं आडवं मांडीवर ठेवून थांबा आणि अधूनमधून कयाकच्या कडेवर हलकी थाप मारा, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्यांना कळतं. त्यांनी शेपटी आपटली, अचानक दिशा बदलली किंवा बुड्या लांबल्या, तर त्रास होतोय असं समजा. लगेच मागे फिरा. सोबत पिल्लू असेल तर थांबूही नका.

जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर जाळं ओढू नका, फास आणखी आवळतो. जागा लक्षात ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. माणूस संकटात असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. फोन जलरोधक पिशवीत, पण कयाकला नव्हे, लाइफ जॅकेटला बांधलेला हवा.